सोलापुरातली सशांची पंगत

सोलापूरला निघाले तेव्हा पुण्यात भेटलेल्या प्रत्येकाने मला एकच गोष्ट सांगितली, येताना चादर आण. शेजारच्या काकूंनी तर रंगही सांगून ठेवला, मोरपंखी. मी कशासाठी चाललेय हे एकानेही विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. सशांची आतडी बांधायला आणि सोडायला चाललेय असं म्हटलं असतं, तर चादर राहिली बाजूला, आमच्या आळीत माझ्याकडे कुणी वाटीभर साखर मागायलाही आलं नसतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा हा दुसरा उन्हाळा. त्याआधीचे चौदा महिने मी प्रयोगशाळेत हुलगे भिजवत, वाटत, गाळत आणि गाळलेलं पुन्हा गाळत बसले होते. आमचे सर त्याला शुद्धीकरण म्हणत, आई त्याला लग्नाचं वय घालवणं म्हणे. पोतंभर हुलग्यांतून शेवटी हाती आली ती चिमूट चिमूट पांढरी भुकटी. त्यात एक पेप्टाइड होतं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचं धाकटं भावंड, मणी तेच पण माळ आखूड. आमच्या या माळेचा गुण एवढाच की पोटातल्या पाचक रसांना ती थोपवून धरते. पण मग पुढे काय, असं कुणी विचारलं की मी विषय बदलत असे.

पुढचं सुचवलं ते सोलापूरहून आलेल्या एका पत्राने. सरांचे एक वर्गबंधू तिथे सर्जन होते. नाव मल्लिनाथ, पण अख्खं गाव त्यांना अण्णा म्हणे. त्यांच्याकडे आतड्याला पीळ पडलेले रोगी फार येत. त्यांनी लिहिलं होतं, ‘पीळ असतो तोवर रोगी माझ्याशी बोलतो. मी पीळ सोडवतो, काळंनिळं आतडं डोळ्यांदेखत गुलाबी होतं, मी खूश होतो, आणि दुसऱ्या दिवशी रोगी जातो. रक्त अडल्याने माणूस मरतो हे कळतं. रक्त परत आल्यावर का मरावा?’

सर दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरले. मग म्हणाले, रक्तावाचून उपाशी पडलेल्या आतड्याचं अस्तर दुबळं होत असणार. रक्त परत आलं की त्याचेच पाचक रस त्याला खात असतील आणि ते विष अंगभर पसरत असेल. तुझं हुलग्याचं पेप्टाइड नेमकं त्या वेळी आतड्यात सोडलं तर? अण्णांकडे सर्जनचा हात होता, शेड होती, ससे होते. माझ्याकडे भुकटीच्या पाच कुप्या होत्या. त्यांतली एक पहिल्या प्रयोगात वापरायची नाही, राखून ठेवायची, अशी सरांची ताकीद होती. पेप्टाइड चाललं तर माझा प्रबंध पुरा होणार होता. नाही चाललं तर चौदा महिने मी नुसतेच हुलगे वाटले, असा त्याचा अर्थ.

कुर्डुवाडी

कुप्या थर्मासात, भोवती बर्फ, आणि थर्मास माझ्या मांडीवर. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी दौंड सोडल्यापासून थर्मासावर नजर ठेवली होती. अखेर त्यांनी घोटभर गार पाणी मागितलं. मी नाही म्हटलं. औषध आहे म्हटलं. त्यांनी थर्मास हलवायला सांगितला, आत बर्फ खळखळला, आणि मग डब्यातल्या सगळ्यांना पुण्याच्या माणसांविषयी जे काही ठाऊक होतं ते पुढचे दोन तास माझ्या कानांवर पडत राहिलं. एका बाईंनी तर आपल्या पुण्याच्या व्याह्यांची हकिगत मुळापासून सांगितली.

कुर्डुवाडीला बर्फाचं पाणी झालं. मी फलाटावर उतरून एका सरबतवाल्याकडे बर्फ मागितला. त्याने सरबताशिवाय बर्फ द्यायला साफ नकार दिला. शेवटी तीन पेले सरबत घेतलं तेव्हा थर्मासापुरता बर्फ मिळाला. एक मी प्यायले, एक त्या गृहस्थांना दिलं आणि तिसरं व्याह्यांची हकिगत सांगणाऱ्या बाईंना. गाडी सुटली तेव्हा पुण्याची अब्रू थोडीफार सावरली होती आणि कुप्या गार होत्या.

भवानी पेठ

स्टेशनवरून टांगा केला. भवानी पेठेत शिरले तसा विणकरांच्या मागांचा खडखडाट सुरू झाला, तो मी परत निघेपर्यंत थांबला नाही. पुढे दवाखाना, मागे घर, अंगणात शेड आणि शेडीत ससे, अशी अण्णांची मांडणी. अण्णा उंच, मिशाळ, बोलायला हळू. त्यांची बायको अक्का बुटकी आणि चटपटीत. कपाळावर विभूती, गळ्यात चांदीचं लिंग, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अण्णांशी ती कानडीत बोले, माझ्याशी मराठीत आणि सशांशी दोन्हींत.

पुण्यात पाहुण्याला आधी विचारतात, जेवून आलात ना? इथे विचारण्याची पद्धतच नाही. हातपाय धुवेपर्यंत माझं पान मांडलेलं होतं. आणि मी एकटी नव्हते. दवाखान्यात रोग्यासोबत आलेली माणसं, कंपाउंडर, अण्णा, मी, सगळे ओसरीवर एका ओळीत. कडक भाकरी, शेंगाची चटणी, हुलग्याचं माडगं. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण. चौदा महिन्यांनंतर मला हुलग्यांचं तोंडही बघायचं नव्हतं, पण वास असा सुटला होता की दोन वाट्या प्यायले.

शेवटी हुग्गी आली. हुग्गी म्हणजे गुळातली गव्हाची दाट खीर. वाढता वाढता अक्काच्या लक्षात आलं की ती शेवटच्या तिघांना पुरणार नाही. आमच्याकडे असं झालं तर बाई गुपचूप शेवटच्यांना लाडू वाढते. अक्काने काय करावं? तिने आमच्या पानांतली वाढलेली हुग्गी वाट्यांसकट उचलली, पातेल्यात परत ओतली, वर तांब्याभर दूध घालून ढवळली आणि सगळ्यांना पहिल्यापासून वाढली. पातळ, पण सारखी. कुणी हूं की चूं केलं नाही. माझा चमचा तोंडात होता तो तसाच राहिला.

जेवणानंतर तिने मला विचारलं, औषध कशाचं? मी हुलग्याचं म्हटल्यावर ती थर्मासाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

“हुलगं व्हय? मग येवडं बर्फात घालून आणलंस कशाला? घरात पोतं हाय की.”

मी तिला शुद्धीकरण समजावायचा प्रयत्न केला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली की चौदा महिन्यांत तिने अख्ख्या गल्लीला माडगं पाजलं असतं. माझ्या आईची आणि हिची गाठ पडू द्यायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

नवी पेठ

दुसऱ्या दिवशी सशांना उपाशी ठेवायचं होतं, त्यामुळे आम्हाला काम नव्हतं. अण्णा मला चादर घ्यायला नवी पेठेत घेऊन गेले. पुण्यात लक्ष्मी रोडवर दुकानदार आपल्याला माल दाखवून उपकार करतो. इथे दुकानदाराने आधी चहा मागवला, मग अण्णांना आपल्या मेव्हण्याचं पोट कसं दुखतं ते सांगितलं, आणि त्यानंतर चादरींचा डोंगर रचला. मी मोरपंखी शोधत होते. एक चादर निघाली, कडेला मोरांची रांग असलेली. अण्णांनी ती उचलली आणि न बघता बाजूला ठेवली.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. ही मोरांची नक्षी त्यांच्याच पेठेतल्या एका तेलुगू विणकराची. गेल्या वर्षी त्याला पीळ पडला. टेबलावर घेईपर्यंत तो अण्णांना सांगत होता की मोराचा पिसारा विणताना कुठला धागा चुकला तर मोराची कोंबडी होते. अण्णांनी पीळ सोडवला. आतडं सुंदर गुलाबी झालं.

“दुसऱ्या दिवशी गेला,” अण्णा म्हणाले. “मी सोडवला नसता तरी गेलाच असता हो. पण माझ्या हातांनी सोडवल्यावर गेला, हे डोक्यातून जात नाही की.”

तोवर प्रबंध हा माझा होता, पेप्टाइड माझं होतं, चौदा महिने माझे होते. नवी पेठेतल्या त्या गर्दीत मला पहिल्यांदा वाटलं की हे चाललं पाहिजे, आणि माझ्यासाठी नव्हे. मी परत दुकानात जाऊन ती मोरांची चादर घेतली. काकूंना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं.

शेड

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग. बेत सरळ होता. सहा सशांना भूल द्यायची, प्रत्येकाच्या आतड्याचं रक्त ठरलेला वेळ चिमटा लावून अडवायचं, सोडायच्या आधी आतड्यात सुईने पाणी घालायचं. तिघांना पेप्टाइडचं पाणी, तिघांना नुसतं मिठाचं. हात बसावा म्हणून अण्णांनी आधी काही सशांवर हेच करून पाहिलं होतं, औषधाशिवाय. त्यांतला एकही दुसऱ्या दिवशीची दुपार बघू शकला नव्हता.

कुठल्या सशाला काय मिळालं हे आम्हा दोघांनाही कळता कामा नये, म्हणजे डोळे लबाडी करत नाहीत. कंपाउंडरच्या पोटात काही राहत नसे, म्हणून हे काम अक्काला दिलं. दोन सारख्या बाटल्या, पाणी दोन्हींत सारखंच नितळ. मी तिला सांगितलं, ही औषधाची, ही मिठाची. आत नेऊन एकीला हळदीचं बोट लाव, एकीला कुंकवाचं, आणि कुठलं काय ते उद्यापर्यंत कुणाला सांगू नकोस. पहिल्या तिघांना हळदीची, दुसऱ्या तिघांना कुंकवाची.

“म्हंजे तिघांस्नी औषध आन तिघांस्नी नुसतं मिटाचं पानी?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती बाटल्या घेऊन आत गेली. यायला तिला जरा वेळ लागला, पण हळद उगाळत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

उन्हाने पत्रा असा तापला होता की भुलीचं ईथर सशांच्या नाकाआधी आमच्याच नाकांत जात होतं. चौथ्या सशाच्या वेळी मला जांभया यायला लागल्या आणि अण्णांनी मला दारात उभं राहून श्वास घ्यायला पाठवलं. पण त्यांचा हात बघत राहावा असा. केसाएवढी रक्तवाहिनी, तिला चिमटा लावताना मिशीचा केससुद्धा हलत नव्हता. संध्याकाळी सहाही ससे टोपल्यांत निजले होते. तिघांच्या टोपलीला हळद, तिघांच्या टोपलीला कुंकू. मी अक्काला हात जोडून सांगितलं की यांना कसलाही नैवेद्य दाखवू नकोस.

चौथ्या दिवशी उजाडताच शेडीत गेले. हळदीचे तिन्ही ससे बसते झाले होते, एक तर टोपलीची काडी कुरतडत होता. मला नाचावंसं वाटलं. मग कुंकवाच्या टोपल्यांकडे वळले. तेही तिघे बसलेले. एकाने माझ्याकडे बघून नाक हलवलं.

थांबलो. दुपार झाली. दुपार टळली. सहाच्या सहा ससे जिवंत, आणि आमच्या तोंडचं पाणी पळालेलं. जगात इतर कुठे सहा जीव वाचले म्हणून दोन माणसं अशी सुतकी चेहऱ्याने बसली असतील असं वाटत नाही. अर्थ उघड होता. मिठाच्या पाण्यावरचेही जगले, म्हणजे औषधाचा काही संबंधच नाही. अण्णांचा हात सरावाने हलका झाला असेल, किंवा सशांची जात दणकट असेल. हुलगे गेले पाण्यात. मी खोलीत जाऊन बॅग भरली, त्या मोरांच्या चादरीवर थोडी रडले आणि पुण्याला जाणाऱ्या गाडीची वेळ विचारायला बाहेर आले.

पान मांडलेलं होतंच. घास उतरेना. अक्का म्हणाली की सगळे ससे वाचले, मग ही पोरगी रडतेय कशाला? अण्णांनी तिला कानडीत समजावलं की मिठाच्या पाण्यावरचे तीनही जगले, म्हणून.

“मिटाचं पानी कुनालाच न्हाय दिलं,” अक्का भाकरी थापत म्हणाली. “दोनी एका पातेल्यात वतलं, हलवलं, परत भरलं. पातेलं उकळून घेतलं हुतं, काय भ्या न्हाय.”

मी हातातला घास खाली ठेवला.

“एका वळीत निजवल्यात. तिघांस्नी वाडायचं आन तिघांस्नी तोंडाकडं बगत ठिवायचं? माज्या घरात पंगतीत असलं न्हाय चालत. अर्दं अर्दं तर अर्दं अर्दं.”

आधी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा महिन्यांचं संशोधन या बाईने हुग्गीसारखं ढवळलं होतं. चार कुप्या. चार. मी काहीतरी फाडकन बोलणार, तेवढ्यात अण्णा हसायला लागले. एवढा हळू बोलणारा माणूस, पण हसणं गल्लीत ऐकू जाईल असं. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. सहाही सशांना पेप्टाइड मिळालं होतं. अर्धंच. आणि तेवढ्यावर सहाही जगले होते.

मी उठून अक्काला मिठी मारली, खरकट्या हाताने. तिने माझा हात धुऊन आणला आणि पुन्हा पानावर बसवलं.

पुन्हा शेड

पण पंगत म्हणजे पुरावा नव्हे. हे अण्णांना कळत होतं, मलाही. पाचवी कुपी शिल्लक होती, अर्ध्या मात्रेने जेमतेम दोन सशांना पुरणारी, म्हणून चार ससे घेतले, दोघांना औषध आणि दोघांना मीठ. या वेळी बाटल्यांवर खुणा करायला अक्का तयार होईना. मला हे बघायचं नाही असं म्हणून ती दिवसभरासाठी अक्कलकोटला बहिणीकडे निघून गेली. बाटल्या मी भरल्या, खुणा मी केल्या. अण्णांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

मिठाच्या पाण्याची सुई अण्णांच्या हातात देताना मी सशाच्या कानांकडे बघितलं नाही. एवढंच सांगते, फार नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत औषधाचे दोघे पाला खात होते आणि मिठाचे दोघे गेले होते. अण्णांनी खुणा विचारल्या, मी सांगितल्या. ते म्हणाले, चाललं की हो. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू, इतका झाला की कान गरम झाले. आणि त्याच्या मागोमाग लाज वाटली. अक्का परत आली तेव्हा तिने शेडीकडे एकदा बघितलं, टोपल्या मोजल्या आणि चूल पेटवली. त्या जेवणात माझ्या पानावर सगळ्यांएवढीच भाकरी होती, पण ती वाढताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

निघताना स्टेशनवर अण्णांनी विचारलं, माणसांना हे कधी देता येईल? मी खरं ते सांगितलं, की सशांच्या पुढे अजून बरंच आहे, वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. त्यांनी मान डोलावली. तोवर पीळ आहेत आणि मी आहे, असं म्हणून त्यांनी माझा थर्मास खिडकीतून आत दिला. अक्काने त्यात माडगं भरलं होतं.

पुणे

सरांनी वही बघितली. चार सशांचं पान त्यांना पसंत पडलं. सहा सशांच्या पानावर लाल रेघ मारून म्हणाले, हा प्रयोग नव्हे, हे काढून टाक. मी सरांचं कधी मोडलं नव्हतं, पण ते पान नाही काढलं. प्रबंधाच्या शेवटी अर्ध्या मात्रेची नोंद म्हणून घातलं आणि मदतीबद्दल आभार मानले त्यांत सरांच्या आधी अक्काचं नाव लिहिलं. मोरपंखी चादर न आणल्याबद्दल काकू अजून बोलत नाहीत.

पावसाळा संपता संपता सोलापूरहून पोस्टकार्ड आलं. अक्षर अण्णांचं, मजकूर अक्काने सांगितलेला. ते आठही ससे खुशाल आहेत, त्यांना नऊ पिल्लं झाली आहेत, शेडीत जागा उरली नाही. खाली दोन ओळी होत्या, त्या अण्णांनी तिच्याच तोंडच्या लिहून ठेवल्या होत्या.

‘परत कवा येतीस? आन येताना औषध सगळ्यांस्नी पुरंल येवडं घिऊन ये.’

मी दुसऱ्याच दिवशी पोतंभर हुलगे भिजत घातले.